माह्या भावाले दर्या पाहाले जायाचं होतं

बातमी आली तीच खोटी आली. मी चुलीपाशी बसून पोट्टीले वरन-भात चारून राह्यली होती, तेवढ्यात आमच्या ह्यायचा मोबाईल वाजला. माहेरच्या गावातलं कोनी तरी बोलत होतं, आवाज एवढा मोठा का मले बी आयकू आला. "विलासनं औषध घेतलं, घाटावरच्या दवाखान्यात नेलं, लवकर या." बस, एवढंच. औषध म्हंजे आमच्याकडं फवारनीचं जहर. विलास म्हंजे माहा मोठा भाऊ, माहा दादा. घास माह्या हातातच राह्यला. मी ह्यायले म्हनलं, दादा काऊन औषध घेईन हो, पुढच्या आठोड्यात त तो सायकलवर दर्या पाहाले चालला हाय, त्याचा पह्यला मुक्काम आपल्या घरी हाय, कालच त मले फोनवर सांगत होता का नंदे, वांग्याचं भरीत करून ठेवजो अन् कयन्याच्या भाकरी... ह्यायनं गाडी काढली, मी पोट्टीले पदरात गुंडायलं अन् मागं बसली.

दवाखान्यात दादा खाटेवर होता. आंग घामानं ओलंचिंब, तोंडातून लाळ गयत होती, अन् डोयातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. मले वयखलं का नाही ते मले आजवर समजलं नाही. डॉक्टर पोट्टाच होता, वाईट नव्हता, धावपय करत होता, पन इचारत होता ते एकच. "किती घेतलं? घरी भांडन झालं होतं का?" माही माय हात जोडून म्हने, "साहेब, त्यानं घेतलं नाही, त्याच्या कामातून पोटात गेलं." त तो म्हने, "मावशी, सगळे असंच सांगतात." मंग पोलीस आला, त्यानं बी तेच. शीशी कुठं हाय? शीशी होतीच ना दुकानात. फवारनीचा पंप दुरुस्तीले येते त्याच्यासंगं पिशवीत शीशी बी येते, ज्याचा पंप त्याची शीशी. सापडली शीशी, झालं काम. दुसऱ्या दिवशी उन्हं वर याच्या आंधी दादा गेला, अन् आम्ही त्याले घेऊन गावात पोचलो तवा साऱ्या गावाच्या तोंडात तो औषध पेऊन गेलेला होता.

माही शाळा नववीतच सुटली, लिहाची सवय नाही. पन गावात माहं कोनी आयकत नाही, म्हनून इथं लिहून राह्यली. मले एकच सांगाचं हाय. माहा भाऊ औषध पेला नाही.

आमचं माहेर घाटाच्या खाल्ते, रोहिणखेडच्या आंगाले. बाप नाही, वावर नाही, माय अन् आम्ही दोघं भाऊ-बहीन. दादाचं दुकान एसटी थांबते तिथं, पिठाच्या गिरनीले लागून. एका बाजूले सायकली उलट्या ठेवलेल्या, दुसऱ्या बाजूले फवारनीचे पंप. तो सायकलीचं शिकला अन् पंपाचं त्याचं त्यानंच उमगून घेतलं, म्हने दोन्हीत हवाच असते, नुस्ती एकीत कोंडाची अन् दुसऱ्यातून सोडाची. अन् त्याचं तोंड... तोंड म्हंजे त्याचा तिसरा हात. चाकाच्या बेरिंगचे बारीक छर्रे खाली पडून हरपतात म्हनून गालात धरून ठेवे. हवा भरली का वालवर थुका लावून पाहे, बुडबुडा येते का. वालट्यूब ओठात, खिळा दातात. माय चिडे, "काय कुत्र्यावानी जे ते तोंडात घालतं रे?" त हा गालात छर्रे धरून बोले, काहीच समजे नाही, अन् आम्ही दोघी हासत राहो. मले सायकल त्यानंच शिकवली. मी पडली का उचले नाही. म्हने, "उठ अन् आंधी साखळी पाह्य. तुहं ढोपर बरं होईन, साखळी आपोआप होत नाही."

दर्याचं खूळ त्याच्या डोकशात रशीदभाईनं घातलं. रशीदभाई म्हंजे त्याचा जिवाचा दोस्त, टेम्पोवर ड्रायवर, हंगामात खेड्यातून कापूस भरून खामगावले जिनिंगले नेतो. आंधी तो मोठ्या ट्रकवर होता, तवा एकडाव कोकनात माल घेऊन गेलता. तिथून येऊन त्यानं दादाले सांगतलं का पहाड उतरत जा, उतरत जा, रस्ता सारखा वयतच राह्यते, अन् एका वयनावर एकदम खाली पानीच पानी दिसते, त्याले पल्याड काठच नाही. दादानं तवापासून जे धरलं ते धरलं. रशीदभाई म्हने, "चल ना टेम्पोनं, दो दिन में दिखा देता हूँ." दादा म्हने, "टेम्पोतून तुले रस्ता दिसला असन, मले नुस्ती काच दिसन. सायकलनं जाऊ." रशीदभाई कपायावर हात मारे, "मैं ट्रकवाला आदमी, मले सायकलवर बसवून मारतं का बे?" पन त्यानं बी एक जुनी सायकल घेतली, दादाकडूनच नीट करून.

आता गरिबाचा प्रवास कसा ठरते ते सांगते. आमाले हॉटेल माहीत नाही. रात्र काढाची त ती आपल्या मानसात. मंग यायनं कोनाची लेक कोन्या गावाले देली ते आठवून आठवून रस्ता बसवला. पह्यला मुक्काम घाट चढून माह्याकडं. मंग भोकरदनच्या आंगाले आमच्या मामाची पोरगी. औरंगाबादले रशीदभाईची खाला, म्हंजे मावशी. त्याच्या पुढं नगरच्या अलीकडं कोनाची तरी चुलत नणंद निंघाली, तिले कोनी पाह्यलं बी नव्हतं, पन दादानं तिच्या माहेरच्यायकडून निरोप धाडून ठेवला. जुन्नरच्या तिकडं आमच्या गावचं एक घर कांद्याच्या कामाले गेलं अन् तिथंच राह्यलं, त्यायचा पत्ता मायनं शोधून आनला. अन् मंग मोठा पहाड, त्याच्या खाल्ते कोकन, अन् तिथं सारं संपलं. दर्याच्या काठी आमच्यातलीबी कोनी देली नव्हती अन् रशीदभाईच्यातलीबी नाही. माह्या अंगनात बसून दोघं इचार करत होते, शेवटची रात्र कुठं काढाची? माही पोट्टी तवा नुकती रांगे. दादानं तिले उचलून मांडीवर घेतली अन् म्हने, "नंदे, इले दर्याच्या काठीच देऊ. दोन-चार पोरं पाहून ठेवतो मी जाऊन." मी म्हनलं, "आंधी तुहं पाह्य, तीस वर्साचा घोडा झालास." रशीदभाई म्हने, "इसको कौन देगा बाई, इसके मुँह में हमेशा छर्रे, कबूल कैसे बोलेगा?" माही सासू कोनाशी हासत नाही, ते बी हासली त्या दिवशी.

तो नुस्ता बोलनारा नव्हता. मागचं फ्रीव्हील त्यानं मोठं टाकलं, चढाले सोपं जाते म्हनून. कॅरेजवर ढेपीचं पोतं बांधून राजूरचा घाट चढून पाहे, एवढं वजन घेऊन दम निंघते का. एकडाव असाच पोतं घेऊन माह्या दारात आला, तोंड लालेलाल. मी म्हनलं, दादा, चढ एवढा अवघड हाय त कायले जातं? त म्हने, "चढाची भीती नाही वो, चढावर मानूस फार त उतरते अन् ढकलत नेते. भीती उताराची हाय. कोकनचा उतार तासन्तास असते, ब्रेकचं रबर जयून जाते." त्याच्यावर त्यानं डोकं चालवलं होतं. थैलीत रबरच्या जोड्या घेतल्या, अन् एकदमच उतार आला त मागं झाडाची फांदी बांधून ओढाची, म्हंजे सायकल पयत नाही. माह्या अंगनात त्यानं ते करून दाखवलं, बाभईची फांदी बांधून उतारावरून गेला, साऱ्या गल्लीत धुरया, लेकरं मागं. ज्याले मराचं असते तो उताराले भेते का? मले सांगा. तो त आपल्या जिवाची एवढी काळजी घेत होता का त्याच्यासाठी फांदी बांधून ठेवत होता मागं.

मंग इतके वर्स गेला काऊन नाही, त त्याचं कारन कपाशी. रशीदभाई कापूस निंघाच्या आंधी रिकामा, एकडाव कापूस सुरू झाला का त्याले उन्हायापर्यंत दम नाही. अन् दादाचं उलटं. कापूस उभा असते तोवर फवारन्या असतात, फवारन्या असतात तोवर पंप येतात, कापूस घरात आला का दादा रिकामा. अन् भर उन्हायात एवढ्या दूर सायकल कोन नेईन, दोघायचा मोकया वेय कधी जुयतच नव्हता. बीटीचं बियानं आलं तवा मी शाळेत होती, तवा गावात सारेच म्हनत का आता अळी नाही, आता पंप घरात टांगून ठेवा. खरंच दोन-चार वर्स पंप कमी आले. दादाचं नुकसानच झालं त्यात, पन तो हासे, म्हने, "पोटाले कमी भेटन, पन दर्या त भेटन." तवा माहं लग्न निंघालं, मंग मायचा पाय मोडला, ते वर्स गेले तसेच. अन् मंग अळी पलटून आली. बोंड वरून चांगलं, फोडलं का आत गुलाबी अळी. औंदा बियान्याच्या दुकानात नवीन थैली आली, दुकानदार म्हने, "हिच्यावर अळी येतच नाही, लिहून घ्या." दादानं त्याच्यावर भरोसा ठेवला. रशीदभाईले म्हने, औंदा पोया झाला का फवारनी सरन, दसऱ्याच्या आंधी दर्या पाहून परत. साऱ्या मुक्कामावर निरोप गेले.

पोयाच्या टाइमाले मी माहेरी होती पोट्टीले घेऊन. औंदा कपाशी मानसाच्या डोक्याच्या वर गेलती, अन् अळी बी आलीच. लोक घाबरले, एका औषधानं मरत नाही म्हनून दोन-दोन, तीन-तीन एकात मिसयत, वरून टॉनिक. ते सारं पंपात फाटे, दुधावानी, अन् त्याचा गाळ जाऊन नोझलमधी बसे. नोझल म्हंजे फवारा निंघते ते समोरचं बारीक भोक. ते चोंदलं का चालला मानूस दादाकडं. दुकानासमोर रांग, सारे घाईत. "विलासभाऊ, माहं आंधी कर, वारं पडलं हाय." अन् दादा नोझल काढे, धडुक्यानं पुसल्यासारखं करे, अन् तोंडाले लावून फुके. फुकलं का गाळ निंघून जाय. मी ते पाह्यलं. मी म्हनलं, दादा, तारेनं कर ना. त म्हने, "तार घातली का भोक मोठं होते, मंग फवारा जाडा पडते, औषध जास्त जाते, लोक शिव्या देतात." म्हंजे काम चांगलं व्हावं म्हनून तो तोंड लावे! मी म्हनलं, सायकलच्या पंपानं मार ना हवा. म्हने, "त्याचं तोंड बसत नाही यावर." चूळ भरे अन् गूळ खाय, गुयानं उतरते म्हने सारं. माय सांजच्याले ताक दे. संध्याकाई त्याले समोरचं धुरकट दिसे, डोकं ठनके, तोंडाले पानी सुटे, उशी ओली होय. म्हने, गर्मी झाली.

रशीदभाई रोज येऊन ओरडे. "विलास, बंद कर दुकान, कल निकलते हैं." दादा म्हने, "एवढे पंप मोकळे करून देतो यार, लोकाच्या कपाश्या जाऊन राह्यल्या. सोमवारी निंगू." थैली भरून खुंटीले टांगलेली होती. रबरच्या जोड्या, चेनच्या कड्या, चटनीचा डबा, दोन सदरे, अन् एक रिकामी शीशी, झाकनाची. मी म्हनलं हे कायले? म्हने, "मायले पाय दुखतात, तिले काय दर्यावर नेता येते का, तिच्यासाठी पानी आनतो. खरंच खारं असते का, ते तिनंच चाखून पाहावं."

त्या दिवशी काय झालं ते रशीदभाईनं डोयानं पाह्यलं, तो तिथंच बाकड्यावर बसून होता. एकाचा पंप आला, नोझल साफ केलं तरी फवारा येईना, म्हंजे आतली नळी चोंदली होती. दादानं नळी फुकून पाह्यली, जमलं नाही. मंग त्यानं ती ओढली, पेट्रोल ओढतात तशी, तोंडानं. एकदम आलं. थुकला, चूळ भरली, दुसरा पंप हातात घेतला. रशीदभाई म्हने, "अरे दवाखाने चल." हा म्हने, "हे एवढं झालं का." ते एवढं झालंच नाही. पान्यानं आंग धुवाच्या आंधी तो घसरत खाली बसला. रशीदभाईनं टेम्पोत टाकून आनलं त्याले, घाट कसा चढला ते त्याले आठवत नाही. त्यानं डॉक्टरले सांगतलं, पोलिसाले सांगतलं, गावाले सांगतलं, "पिया नहीं साहब, नली खींची." कोनाले आयकाचं होतं? ज्याचा तो पंप होता तो मानूस त आजवर म्हनते का माहा पंप चांगला होता, मी त हवा भराले आलतो.

अन् मले कीव येते या लोकायची अन् राग बी येते. फुकल्यानं मेला असं म्हनलं का साऱ्यायले आपला आपला पंप आठवते, आपलं आपलं तोंड आठवते, मंग उद्या फवारनी कोन करन? पेला म्हनलं का सोपं. पेला तो गेला, आपन नाही पेलो, आपन जितं. कोनी म्हने लग्न जमत नव्हतं म्हनून, कोनी म्हने कोन्या पोरीचा लफडा असन. माह्या मायले एकजन येऊन समजावून गेला का बाई, पेला असंच राहू दे, शेतकऱ्याले सरकारची मदत असते, भेटली त भेटन. मंग त्याले कोनी सांगतलं का विलासच्या नावावर वावर नाही, तवापासून तो बी आला नाही.

दादाच्या जलदानाच्या दिवशी, म्हंजे तो गेल्यावरच्या विधीले, बुद्धवंदना झाली, मंग लोक दोन-दोन शब्द बोलाले उठले. एक जानते गृहस्थ उठले, म्हने, "विलासनं असं पाऊल उचलाले नोको होतं, तरुनायनं धीर ठेवावा." पोट्टी माह्या मांडीवर झोपली होती, तिले घेऊन मी तशीच उभी राह्यली. मी ओरडली, "पाऊल नाही उचललं त्यानं! त्याले सोमवारी जायाचं होतं! त्याची थैली पाहा ना खुंटीवर, मरनारा मानूस ब्रेकचे रबर घेते काय? मायले पानी आनाले शीशी घेते काय?" बाया माहा हात ओढून मले खाली बसवत होत्या. "बस माय, बस, तुह्या आंगावर लेकरू हाय." गृहस्थ म्हने, "बहीन हाय, तिचं दुःख आपन समजू शकतो." अन् फोटोले फूल वाहून बसले. रशीदभाई मंडपाच्या खांबाले टेकून उभा होता, त्याची सायकल बाहीर भिंतीले लावलेली. जातानी मी त्याले म्हनलं, भाई, तुमी तरी जाऊन या. त म्हने, "अकेला किसके घर रुकूँगा, बाई? वो मुक्काम तो उसके थे." एवढं बोलला अन् सायकल हातात धरून चालत गेला, बसला नाही तिच्यावर.

आता दादाची पेटी माह्या घरी हाय. पाने, पक्कड, छर्र्यायचा डबा, नोझलं. मायनंच देली, म्हने माह्या डोयासमोर नोको. आमच्या ह्यायले थोडंफार दुरुस्तीचं समजते, त गल्लीतले लोक इथंच येतात आता. मी त्यायले माह्या पोरीची आन घातली का तोंड लावाचं नाही, ते लावत नाही, दाभनानं करतात, लोक कुरकुर करतात का भोक मोठं झालं. होऊ द्या. पन ते कामावर जातात, मी घरात, अन् पेटी समोर, अन् कोन कधी येईन याचा धाक लागून राह्यते मले. हंगाम अजून सरला नाही.

परवा माहे चुलतसासरे आले, तात्या. पाठीवर पंप, औषधाचा वास दारातूनच आला. ह्यायले इचारलं, मी म्हनलं नाही घरी. ते म्हने, "मंग मीच पाह्यतो," अन् ओट्यावर बसले. नोझल पिरगाळून काढता काढता मले म्हने, "तुह्या भावानं बी घाई केली सूनबाई. औषध प्यावं एवढं काय झालतं त्याले? हाती कसब होतं." मी पोट्टीले काखेत घेऊन उंबऱ्यात उभी होती. मी काही बोलाच्या आंधीच त्यायनं ते नोझल ओठाले लावलं अन् जोरानं फुकलं. पांढरा गाळ ओट्यावर उडाला. उपरण्यानं ओठ पुसले, थुकले, अन् नोझल उन्हात धरून डोयानं पाह्यलं. "निंघालं पाह्य."

मी म्हनलं, "तात्या, असाच पेला माहा भाऊ."

ते हासले. खरंच हासले, वाईटपनानं नाही, लेकराच्या बोलन्याले हासतात तसे. "काही बी बोलतं माय तू. फुकल्यानं कोनी मरते काय? आम्ही सारी उमर फुकत आलो." पंप पाठीवर टाकला अन् वावराच्या वाटंनं गेले. मी त्यायच्याकडं पाहात राह्यली, अन् मंग मले कानाजवय आवाज आला. माही पोट्टी ओठ गोल करून, गाल फुगवून, त्या रिकाम्या ओट्याकडं पाहून फू... फू... करून राह्यली होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिले वाटलं खेळ हाय, अन् ते माह्या तयहातात बी फुकतच राह्यली.